रेखाचित्र उरते, कारण निवृत्त होते

‘विक्रांत’ 2 सप्टेंबर 2022 रोजी कोची येथे नौदलात दाखल झाली, तेव्हा स्वदेशी आरेखनाचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. परंतु पाण्याखाली फिरणाऱ्या प्रोपेलरचे ज्ञान कोणाच्या डोक्यात असते आणि तो माणूस निवृत्त झाल्यावर ते कोठे जाते, हे फारसे कोणी विचारत नाही. विचारलेच, तर उत्तर तयार असते: जुनी रेखाचित्रे संगणकाला द्या, उरलेले कृत्रिम बुद्धिमत्ता शिकेल.

हे उत्तर भाबडे आहे. रेखाचित्रात निर्णय असतो. त्याचे कारण नसते. पात्याच्या टोकाकडे पिच कमी केलेला दिसतो. टोकावरचा भार असा उतरवला की तेथील भोवऱ्यातले कॅव्हिटेशन, म्हणजे दाब घटल्याने पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे उठणे, लांबणीवर पडते. आवाज घटतो, पण थोडी कार्यक्षमता हातची जाते. युद्धनौकेला हा सौदा परवडतो, मालवाहू जहाजाचा मालक इंधनाचा हिशेब पुढे करतो. प्रोपेलर ‘गाऊ’ लागला, तर पात्याची मागची कड तिरकी छाटून त्याला गप्प करतात. कारण ठाऊक नसलेला संगणक ती छाट घडणीतला दोष समजून पुसून टाकेल, आणि पुढचा प्रोपेलर पुन्हा गाऊ लागेल!

नेदरलँड्समधील वागेनिंगेन बी-मालिकेच्या सुमारे 120 प्रतिकृतींवरून 1975 साली प्रसिद्ध झालेली सूत्रे (रेट्यासाठी 39 पदे, पीळबलासाठी 47) विद्यार्थी आजही वापरतात. त्यांत प्रोपेलरची मोजमापे टिकली. आरेखकाचा विवेक त्यांत नाही.

नौदलाच्या प्रोपेलरबाबत गोपनीयतेची सबब पुढे येते. गुप्त ठेवणे आणि न लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेसारख्या संस्थेच्या भिंतींआडही नोंद ठेवता येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तज्ज्ञाला स्वतःचे ज्ञान सांगताच येत नाही. तज्ज्ञ-प्रणाली रचणाऱ्यांची 1980च्या दशकात येथेच अडचण झाली. मात्र ‘नियम सांगा’ म्हटले की कोणीही पाठ्यपुस्तकच म्हणून दाखवणार. त्याऐवजी नाकारलेली तीन आरेखने त्याच्यापुढे मांडावीत, प्रत्येक का सोडले ते विचारावे, आणि उत्तर त्या आरेखनाच्या फाइललाच जोडावे. हे काम त्याच्या निरोप समारंभाच्या आठवड्यात होणारे नाही.