पदकापूर्वीचे मैदान

टोकियो येथे सप्टेंबर २०२५ मध्ये झालेल्या जागतिक मैदानी स्पर्धेत पुरुषांच्या भालाफेकीत सचिन यादव ८६.२७ मीटर फेकीसह चौथा आला. कांस्यपदक अवघ्या ४० सेंटिमीटरने हुकले. नीरज चोप्रा आठवा आला. देशभर हळहळ व्यक्त झाली. तथापि, २०२३ साली बुडापेस्टला सुवर्णविजेत्या नीरजपाठोपाठ किशोर जेना पाचवा व डी. पी. मनू सहावा आला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे भारतात भालाफेक आता एकट्याच्या पराक्रमावर उभी नाही, हे मान्य करावे लागते. या चौघांत महाराष्ट्राचा मात्र एकही नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातील मिरजगावसारख्या गावांच्या वेशीबाहेर पहाटे मिळू शकेल. तेथील तरुण धावतात, गोळाही फेकतात; कारण पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत १६०० व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांना गुण आहेत. भाल्याला गुण नाहीत. ज्या घराचा संसार पावसाच्या भरवशावर चालतो, त्या घरच्या मुलाने नोकरी देणारे श्रम निवडावेत, यात त्याचा दोष काढता येणार नाही.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, तेथे त्याच्या पायांना वळण लागले आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक मिळविले. मात्र धावण्याचा आरंभ गावच्या रस्त्यावरही होऊ शकतो. भाल्याचा होत नाही. ८०० ग्रॅमचे हे टोकदार साधन लहान मुले खेळतात त्या पटांगणावर फेकता येत नाही. त्याला मोकळे, राखलेले मैदान, धावपट्टी आणि हाताची फेक सुधारणारा जाणता मार्गदर्शक लागतो. हे भांडवल एकट्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. हरियाणातील खंडरा गावच्या नीरजला भाला प्रथम गवसला तो पानिपतच्या शिवाजी स्टेडियममध्ये, हे विसरता कामा नये.

आपल्याकडे शासनाची थैली सुटते ती पदक गळ्यात पडल्यावर. वास्तविक तोवर सारा धोका घरच्यांनी पत्करलेला असतो. उगवलेल्या पिकाला पारितोषिक आणि पेरणीला छदामही नाही, असा हा व्यवहार आहे. पुण्याच्या लष्करी क्रीडासंस्थेतील मैदानाला २०२१ साली नीरजचे नाव देण्यात आले, ते उचितच झाले. परंतु त्याहून मोठा गौरव प्रत्येक तालुक्यात एक राखीव मैदान, काही भाले आणि नियमित वेतनावरील एक प्रशिक्षक देण्यात आहे. त्यातून प्रत्येक वेळी विजेता निघेलच असे नाही; शाळा काढताना तरी प्रत्येक विद्यार्थी विद्वान होईल, असा हिशेब कोणी मांडला होता?

चाळीस सेंटिमीटरचे अंतर टोकियोत मोजले गेले. मिरजगाव आणि मैदान यांतील अंतर अद्याप कोणी मोजावयास घेतलेले नाही.