फसफसणारी गोळी आणि डोंबिवलीची हवा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या औषधाच्या दुकानांत पाण्यात टाकली की फसफसणारी एक गोळी सर्रास मिळते. एन-ॲसिटिलसिस्टीन हे तिचे नाव. कफ पातळ करायला तिचा वापर जुनाच आहे. आता ती ‘फुप्फुसांची अँटिऑक्सिडंट’ म्हणूनही घेतली जाते. या समजुतीला आधार नाही असे नाही. पण तो आधार कुठवर पोचतो, हे तपासायला हवे.

बिडीचा धूर किंवा डिझेलची काजळी श्वासनलिकांत उतरली की शरीराच्या संरक्षक पेशी धावून येतात आणि ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू सोडतात. धुरातून तसे रेणू आधीच आत आलेले असतात. ग्लुटाथायोनसारखी शरीराची स्वतःची द्रव्ये त्यांना शमवतात. ती अपुरी पडू लागली की ऑक्सिडेटिव्ह ताण निर्माण होतो. फुप्फुसांच्या नाजूक पडद्यांची राखण करणारे एक प्रथिन या ताणाने निकामी होते आणि पडदे झिजू लागतात. दुसरा घाव अधिक आडवळणाचा आहे. श्वासावाटे घ्यायच्या पंपातल्या (इनहेलरमधल्या) स्टेरॉइडला सूज उतरवण्यासाठी पेशीतले एक विकर लागते आणि हा ताण नेमके तेच दुबळे करतो. दम्याच्या रुग्णाला स्टेरॉइडच्या ज्या पंपाने आराम पडतो, तो सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) रुग्णाला का पुरत नाही, याचे एक कारण इथे सापडते.

मग ताण शमवणारे औषध द्यावे, हा तर्क सरळ वाटतो. चाचण्यांचे निकाल मात्र सरळ नाहीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत सीओपीडीच्या ५२३ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना ही गोळी रोज ६०० मिलिग्रॅम, तीन वर्षे दिली गेली. फुप्फुसांची घसरण थांबली नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत दुप्पट मात्रा वर्षभर दिल्यावर आजार अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. फिनलंडचा अनुभव तर सावध करणारा आहे. तिथे धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिले, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग उलट १८ टक्क्यांनी वाढला. आजार वरचेवर बळावणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांनी विचार करून ही गोळी दिली तर आक्षेप नाही. पण ‘पंपाची सवय लागते’ म्हणून पंप बाजूला ठेवून गोळीवर विसंबणे घातक आहे, आणि बिडी चालू ठेवून गोळी घेणे म्हणजे निव्वळ पैसे घालवणे.

याच शास्त्रातून हवेविषयी निघणारा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत ७८.४१ गुणांसह डोंबिवली अतिप्रदूषित ठरली होती. मे २०१६ आणि मे २०२४ मधल्या एमआयडीसीतल्या स्फोटांची देशभर बातमी झाली, फेब्रुवारी २०२० मध्ये गुलाबी झालेल्या रस्त्याचीही. रोज छातीत जाणाऱ्या हवेची बातमी होत नाही. तिचा हिशेब आपण धूलिकणांच्या वजनात ठेवतो. पण किलोभर मीठ आणि किलोभर तिखट तराजूत सारखेच भरते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात दिसले की कणांचे वजन ज्या स्रोतांतून वाढते, कणांची ऑक्सिडीकरणाची ताकद (म्हणजे वर सांगितलेला ताण निर्माण करण्याची क्षमता) त्याच स्रोतांतून येते असे नाही. ताकदीत लाकडाच्या धुराचा आणि ब्रेकच्या झिजेतून येणाऱ्या धातूंचा वाटा मोठा होता. (ब्रेक विजेच्या गाड्यांनाही असतात.) घोडबंदर रस्त्यावर किंवा शिळफाट्याच्या कोंडीत रोज तासभर काढणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

तर मग वजन सोडून ताकद मोजावी का? घाई नको. ताकद मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि एकाच कणाला त्या वेगवेगळे आकडे देतात. त्यावर कायदेशीर मर्यादा आज ठरवता येणार नाही. शिवाय वजनाची अट सैल झाली तर ‘आमची धूळ जास्त, पण निरुपद्रवी’ असे म्हणायला बांधकाम व्यावसायिक आणि कारखानदार मोकळे होतील. म्हणजे वजनाची मर्यादा राहायलाच हवी. तिच्या जोडीला दुसरे माप घ्यायला मात्र कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

सुरुवात लहान असू शकते. हवा मोजताना धूळ धरलेले फिल्टर कागद जमा होतातच. एमआयडीसीचा निवासी भाग, कल्याण-शिळ रस्ता आणि घोडबंदर इथल्या कागदांचे तुकडे दोन हिवाळे पवईच्या आयआयटीसारख्या प्रयोगशाळेकडे ताकद मोजायला द्यावेत. त्याच काळात कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर इथे धाप लागते म्हणून येणाऱ्या प्रत्येक प्रौढाची फुंकर-चाचणी (स्पायरोमेट्री) व्हावी. चुलीच्या धुरात वर्षे काढलेल्या बायकांना आणि क्षयातून बऱ्या झालेल्यांना त्यातून वगळू नये. बिडी न ओढताही सीओपीडी होतो. दोन्ही नोंदी वॉर्डनिहाय प्रसिद्ध कराव्यात. पैशांवर घोडे अडले तर दोन्हींपैकी फुंकर-चाचणी आधी करावी, कागद थोडे थांबू शकतात.