पोतं आळशी नसतं

परवा भाच्याला नापास केलं. शाळेनं नाही, मी.

धक्क्यावरची पाळी संपवून घरी आलो होतो. भाचा पाचवीत, महापालिकेच्या शाळेत. त्याच्यापुढं दुसरीचं पुस्तक टाकलं, म्हटलं वाच. एकेक अक्षर उचलत तो दोन ओळी चालला आणि थांबला. मग वहीवर वजाबाकी घातली : ४३ वजा १७. तीनातून सात जात नाहीत, म्हणून पठ्ठ्यानं सातातून तीन काढले. उत्तर ३४.

मी खवळलो. म्हटलं, "गाढवा, पाच वर्षं केलंस काय?"

तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, मी रोज जातो शाळेत."

दोस्तांनो, त्या रात्री मला झोप नाय आली.

आमच्या बंदरात पोतं कमी भरलं की पहिला सवाल एकच असतो : माल सांडला कुठं? जहाजाच्या पोटात, जाळीत, की कुणाच्या हुकानं पोतं फाटलं? पोतं आळशी आहे असं एकाही मुकादमानं अजून म्हटलेलं नाही. शाळेत मात्र हेच म्हणतात. ह्यांच्या घरात वातावरण नाही, ह्यांच्या डोक्यात गणित शिरत नाही. हे आपल्या आज्यानं ऐकलं, बापानं ऐकलं. आणि परवा साला माझ्याच तोंडून ते बाहेर पडलं.

आता आकडे बघा. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. खेड्यांत घरोघर जाऊन पोराला एकट्याला बसवतात. अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. गणितात आकडे ओळखण्यापासून हातच्याची वजाबाकी आणि भागाकारापर्यंत. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण सरकारी शाळांतल्या पाचवीच्या शंभर पोरांपैकी पंचेचाळीसच्या आसपास पोरांनाच दुसरीची गोष्ट वाचता आली. हा हिशेब खेड्यांचा. आपल्या झोपडपट्ट्या त्यात नाहीत.

१९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी सरकारला हाच हिशेब विचारला होता. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर पोरांतली अठराच चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. तेव्हा पोरं शाळेच्या दारातून बाहेर पडत होती. आज ती बाकावर बसलेली असतात, हजेरी लागते, खिचडी मिळते, आणि बसल्या जागी गळतात. गळती थांबली नाही, ती वर्गात आली.

ह्यावर सरकारनं काय केलं? २०१९ ला शिक्षणहक्क कायदा दुरुस्त झाला आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रानं नियम काढला : पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाला तर फेरपरीक्षा, तिथंही नापास तर त्याच वर्गात. म्हणजे माल कमी भरला तर पोत्याला शिक्षा! तोच कायदा मास्तरला जनगणनेला, निवडणुकीला जुंपायची मुभा देतो. मास्तर मतदारयाद्या तपासत फिरणार आणि नापास होणार पोरगं.

आणि डोक्यात गणित शिरत नाही म्हणणाऱ्यांनो, जरा बाजारात या. माझी बहीण रस्त्यावर भाजी विकते. संध्याकाळी भाचा तिच्याजवळ बसतो. दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन मी त्याला विचारलं, "माझ्याकडं त्रेचाळीस रुपये. सतराची मेथी घेतली. परत किती?" त्यानं जुडी बांधता बांधता सांगितलं, "सव्वीस." वर बघितलंसुद्धा नाही.

२०२५ साली 'नेचर' ह्या नियतकालिकात अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या साथीदारांचा अभ्यास छापून आला. कोलकाता-दिल्लीच्या बाजारात विकणारी पोरं अवघड हिशेब तोंडी करतात, पण तसंच गणित शाळेच्या पद्धतीनं कागदावर आलं की अडतात. आणि शाळेत शिकणारी, बाजारात काम न करणारी पोरं बाजारातल्या हिशेबाला अडतात. म्हणजे डोकं शाबूत आहे. बाजार आणि फळा यांच्यामधला पूल कुणी बांधलाच नाही.

आपल्यातले काही गडी म्हणतात, ह्या परीक्षाच जाळा. मला हे पटत नाही. काटा मोडून चोरी थांबत नाही. उलट चोराचं फावतं. वाचता न येणारा माणूस कंत्राटदाराच्या कागदावर अंगठा ठेवतो, हे मी रोज धक्क्यावर बघतो. माप हवंच. पण ते वर्षाच्या सुरुवातीला घ्या, पोरगं कुठं अडलंय ते बघा आणि तिथून शिकवा. आणि निकाल शाळेच्या फाटकावर लावा. त्यात पोरांची नावं नकोत. मास्तरांच्या जागा किती, रिकाम्या किती, मास्तर वर्गात किती दिवस होता, किती दिवस दुसऱ्या कामाला पळवला, हे लिहा. मग कळेल नापास कोण.

तोवर गप्प बसायचं नाही. प्रत्येक वस्तीत आपण चौघं-पाचजण संध्याकाळी तासभर पोरांना घेऊन बसू शकतो. सभेला वेळ मिळतो, तर ह्यालाही मिळेल. पण हे करताना सरकारला सोडायचं नाही. आपण शिकवतो म्हणून त्याचं देणं फिटत नाही.

मी भाच्याची माफी मागितली. तो लाजला. मग आम्ही वहीवर मेथीची जुडी काढली, शेजारी ४३ लिहिले, आणि हातचा म्हणजे सुट्टे करायला मोडलेली दहाची नोट, एवढं त्याला सांगितलं.

बाकीचं गणित त्यानंच केलं.