शांतारामबापूंना अडवणारी गोष्ट

व्ही. शांताराम यांच्याविषयी मराठी प्रेक्षकाचे मत केव्हाच ठरून गेले आहे. ‘प्रभात’मधले शांतारामबापू थोर, ‘राजकमल’मधले भडक. 1942 साली त्यांनी पुणे सोडले, मुंबईत परळला ‘राजकमल’ हा स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि तिथून समाजचिंतक मागे पडून नाच, रंग आणि भव्य नेपथ्य यांत रमलेला निर्माता उरला, अशी ही मांडणी आहे. पुण्यात ती विशेष आवडीने सांगितली जाते आणि त्यात स्थानिक अभिमानाचा भाग किती, हे वेगळे सांगायला नको. मांडणी सोपी आहे, ऐकायला बरी वाटते. पण एकेक चित्रपट समोर ठेवून तपासली की टिकत नाही. शांतारामबापूंच्या कामात फट आहे यात शंका नाही. ती 1942 या सालात मात्र नाही. त्यांच्या चांगल्या-वाईटाची विभागणी सालांनी होत नाही, प्रत्येक चित्रपटात त्यांच्या हातात काय आले होते यावरून होते. हातात आलेली गोष्ट जेव्हा त्यांना जुमानत नसे, तेव्हा ते मोठे झाले. जेव्हा ती मुकाट्याने वाकत गेली, तेव्हा त्यांनी तिचे मखर केले.

आधी ‘प्रभात’चेच पाहू. 1901 साली कोल्हापुरात जन्मलेले शांताराम वणकुद्रे लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत होते आणि 1920 मध्ये बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. पेंटर मूळचे चित्रकार, पडदे रंगवणारे. डोळ्यांना दिपवण्याची ओढ शांतारामबापूंना त्या कारखान्यातच लागली आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही. 1929 मध्ये विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी ‘प्रभात’ काढली. सुरुवातीच्या चित्रपटांत पुराणकथा आहेत, राजवाडे आहेत, चमत्कार आहेत. ‘सैरंध्री’ रंगीत करण्याच्या हट्टापायी त्यांनी 1933 मध्ये जर्मनी गाठली. रंग मनासारखे उतरले नाहीत, पण हट्ट कायम राहिला. ‘नवरंग’मध्ये दिसणारा रंगांचा सोस 1959 चा नाही, तो मूळचाच आहे. पुढे 1935 या एकाच वर्षात ‘धर्मात्मा’ही येतो आणि ‘चंद्रसेना’ही. पहिल्यात अस्पृश्यांना जवळ करणारा एकनाथ होता. मूळचे ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरने बदलायला लावले, इतकी त्याची धार ब्रिटिश सरकारला जाणवली. दुसरा पौराणिक तमाशाच होता. तेच भागीदार, तोच पुण्याचा स्टुडिओ, तोच काळ. मग फरक कशाने पडला?

याचे उत्तर मला ‘कुंकू’मध्ये सापडते. 1937 च्या या चित्रपटाचा आधार नारायण हरी आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी. ‘अमृतमंथन’चा आधारही आपट्यांचाच. त्याहून मागे जायचे तर बाबुराव पेंटरांच्या ज्या ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शांताराम यांनी शेतकऱ्याची भूमिका केली, तोसुद्धा आपट्यांच्याच कथेवरचा. कोरेगावच्या या कादंबरीकाराचे नाव आज चित्रपटाच्या इतिहासात तळटीपेपुरते येते, हा मोठा अन्याय आहे. ‘कुंकू’तली नीरा म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लावलेले लग्न मान्य करत नाही. ती पळून जात नाही, जीव देत नाही. त्याच घरात राहून नकार देते. असा विषय प्रचारकी होणे अगदी सोपे होते. काकासाहेबांना लबाड, कामांध म्हातारा करून टाकले की प्रेक्षकांच्या टाळ्या नक्की. पण कथेने ती सवलत दिली नाही. काकासाहेब सुसंस्कृत आहेत, त्यांना हळूहळू उमगत जाते, आणि केशवराव दाते यांनी ती उमज अशी उभी केली की नीरेच्या बाजूने असलेल्या प्रेक्षकालाही त्यांची कणव यावी. खलनायक काढून घेतल्यावर दिग्दर्शकाला दुसरी साधने शोधावी लागली. त्यातूनच भिंतीवरचे जुने घड्याळ आले, वय दाखवणारा आरसा आला. पार्श्वसंगीत तर त्यांनी काढूनच टाकले. घरात आणि रस्त्यावर जे वाजेल तेवढेच ऐकू येते. नावीन्याची हौस बापूंना होतीच, पण इथे ती हौस गरजेपोटी वापरली गेली.

‘माणूस’ आणि ‘शेजारी’ याच वाटेने जातात. ‘माणूस’मधला गणपत साधा पोलीस शिपाई आहे. शरश्चंद्रांच्या देवदासाने प्रेमभंगानंतर दारूत बुडून मरण्याला जी प्रतिष्ठा मिळवून दिली होती, ती या शिपायाने नाकारली. ‘शेजारी’ची कथा विश्राम बेडेकरांची. हिंदू-मुसलमान मैत्रीचे गोडगोड चित्र काढायला बेडेकर हा गडी तयार होणे शक्यच नव्हते. धरणाच्या योजनेतून दोन म्हाताऱ्यांत वितुष्ट येते, आणि ते मिटते तेव्हा दोघांपैकी कोणी वाचत नाही. 1941 साली, फाळणीची भाषा मोठ्याने बोलली जात असताना, हिंदी आवृत्तीत मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांना आणि ठाकुराची मझहर खान यांना देणे हा निर्णय मात्र शंभर टक्के दिग्दर्शकाचा. लेखकाने दिलेल्या अडचणीला शांतारामबापूंनी असे स्वतःचे काही जोडले की त्यांचे काम उंचीवर जाते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हा सगळा लेखकाचाच महिमा असेल, तर ‘नवरंग’चे काय करायचे? ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) आणि ‘नवरंग’ (1959) या दोन्हींमागे लेखक म्हणून ग. दि. माडगूळकरच आहेत. एकाच लेखणीतून दोन वर्षांच्या अंतराने इतके भिन्न चित्रपट निघतात, म्हणजे लेखक हे पुरेसे कारण नव्हे. आक्षेप बरोबर आहे आणि माझे म्हणणे तो अधिक नेमके करतो. ‘दो आँखें’ची कथा माडगूळकरांनी हवेतून काढलेली नव्हती. औंध संस्थानात आटपाडीजवळ 1939 मध्ये स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भवानराव पंतप्रतिनिधींचा पाठिंबा आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना यांतून हा प्रयोग उभा राहिला. खुनाची शिक्षा भोगणारे कैदी भिंतीवाचून राहतील, शेती करतील, ही त्यामागची पैज. माडगूळकरांचे माडगुळे गाव याच मुलखातले. म्हणजे पडद्यावरच्या सहा कैद्यांमागे प्रत्यक्षातले कैदी होते, माणदेशातली कोरडी जमीन होती आणि यश येईलच याची खात्री नसलेला एक खरा प्रयोग होता. ‘नवरंग’मध्ये मात्र कवीच्या मनातली मोहिनी आहे, आणि मनातली मोहिनी दिग्दर्शक सांगेल तसे नाचते. तिथे नाही म्हणणारे कोणी नाही.

‘दो आँखें’मध्ये शांतारामबापूंचा भडकपणा गेला का? मुळीच नाही. जेलर निघून गेल्यावरही त्याचे डोळे कैद्यांवर रोखलेले राहतात, हे त्यांनी अक्षरशः दाखवले आहे. ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूचा पडदाभर डोळा दाखवून त्यांनी 1934 मध्ये लोकांना हादरवले होते, तेवीस वर्षांनी तेच चिन्ह त्यांनी पुन्हा वापरले. तिथला डोळा दहशतीचा, इथला विश्वासाचा. खेळणी विकणारी चंपा, बैलाशी झुंज, ढगांचा गडगडाट, सगळा मसाला इथेही आहे. ती झुंज चित्रित करताना त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, इतके ते या देखाव्यात शरीरानिशी उतरले होते. तरी चित्रपट पेलला गेला. 1958 च्या बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. मागे उभ्या असलेल्या हकिकतीने त्या मसाल्याला जागच्या जागी ठेवले. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’चेही (1946) तेच. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिलेल्या या खऱ्या आयुष्याला हात लावायला मर्यादा होती. गंमत अशी की हे दोन्ही चित्रपट ‘राजकमल’चे आहेत. ‘राजकमल म्हणजे घसरण’ म्हणणाऱ्यांना ते अपवाद म्हणून खिशात टाकावे लागतात. अपवादच इतके मोठे असतील तर नियम तपासायला हवा.

दुसरा आक्षेप भागीदारांचा, आणि तो वजनदार आहे. ‘प्रभात’मध्ये दामले-फत्तेलाल यांच्यासारखे तोलामोलाचे सहकारी होते, ते शांतारामबापूंना अडवू शकत होते, परळमध्ये मालकाला कोण अडवणार? 1936 चा ‘संत तुकाराम’ दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केला आणि व्हेनिसला गौरव मिळवला. त्यातला साधेपणा शांतारामबापूंना कधीच साधला नसता, हे मी निमूट कबूल करतो. भागीदार ही अडवणारीच शक्ती होती, म्हणून हा आक्षेप माझ्या विरोधात जात नाही. तो अपुरा मात्र आहे. ‘चंद्रसेना’च्या वेळी हेच भागीदार होते आणि ‘दो आँखें’च्या वेळी कोणीच नव्हते. नुसत्या सामाजिक विषयानेही काम भागत नसे. 1950 च्या ‘दहेज’मध्ये हुंड्याचा जळता प्रश्न आहे, तळमळही खरी आहे, पण ललिता पवारांची सासू पहिल्यापासून दुष्ट आहे आणि शेवटपर्यंत दुष्टच राहते. काकासाहेबांसारखी, आपल्याला गोंधळात टाकणारी व्यक्ती तिथे नाही. प्रेक्षक रडतो आणि आपण त्या सासूसारखे नाही या समाधानात घरी जातो.

तिसरे म्हणणे असे की नाच आणि रंग यांना मी उगाच कमी लेखतो. देखणेपणा हीसुद्धा कला आहे. आहेच. ‘नवरंग’मधल्या होळीच्या नृत्यात संध्या एकाच वेळी स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही रूपांत नाचते, ती कल्पना आणि तिची अंमलबजावणी आजही थक्क करते. पण ‘झनक झनक पायल बाजे’ (1955) शेजारी ठेवून पाहा. गोपीकृष्ण पडद्यावर असतात तेव्हा कॅमेरा नम्र होतो. कथकचा ताल, पायांची गती, चक्करांची शिस्त या गोष्टी दिग्दर्शकाच्या मर्जीने बदलत नाहीत. कॅमेऱ्यालाच त्यांच्यामागे जावे लागते. ते संपले की नेपथ्य पुढे येते, कारंजी आणि कमानी सुरू होतात, आणि चित्रपट सैल पडतो. म्हणजे अडवणारी गोष्ट कादंबरी किंवा सत्यघटनाच असावी असे नाही. एका नर्तकाची अनेक वर्षांची तालीमही पुरे होते.

उतरत्या वयाचा दाखलाही असाच फसवा आहे. ‘सेहरा’, ‘गीत गाया पत्थरों ने’, ‘बूँद जो बन गयी मोती’ असे साठच्या दशकातले चित्रपट क्रमाने पाहिले तर वाटते, बापू संपले. 1971 मध्ये ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’ आला आणि त्या वाटण्यावर शिक्का बसला. पुढच्याच वर्षी, वयाच्या सत्तरीत, त्यांनी ‘पिंजरा’ केला. नृत्यांगनेच्या मोहात शिक्षकाचा अधःपात हा धागा ‘द ब्ल्यू एंजल’ या 1930 च्या जर्मन चित्रपटाचा. पण गावाने ज्याला मेलेला समजून पुतळा उभारला, त्याच गुरुजींवर स्वतःच्याच खुनाचा खटला चालतो, हा पेच मराठी मातीतला आहे. तमाशाचा फड, शंकर पाटलांचे बोलीतले संवाद, राम कदमांच्या लावण्या यांना राजवाड्याचे नेपथ्य मानवतच नाही. त्यात श्रीराम लागू आणि निळू फुले हे रंगभूमीवर तावून सुलाखून निघालेले नट आले, म्हणजे प्रत्येक प्रसंगात दिग्दर्शकासमोर कोणीतरी पाय रोवून उभे. एका वर्षात त्यांची प्रतिभा आटली आणि पुन्हा भरली, असे कोणी म्हणणार नाही. साहित्य बदलले होते.

चौथा मुद्दा धंद्याचा. युद्धानंतर स्टुडिओंची पगारी पद्धत मोडली, नटांचे भाव वाढले, पैसा वेगळ्या वाटांनी येऊ लागला. अशा बाजारात ‘कुंकू’ कोण काढणार? इतर निर्मात्यांबाबत हे खरे आहे. शांतारामबापूंचा मात्र स्वतःचा स्टुडिओ होता. ‘नवरंग’मधले महिपाल किंवा ‘झनक झनक’मधले गोपीकृष्ण हे काही गल्ला खेचणारे तारे नव्हते. ज्याला ताऱ्यांची गरज नाही त्याच्यावर बाजाराची सक्तीही कमी असते. ‘दो आँखें’मध्ये तर रंगीत चित्रपटाच्या यशानंतर ते मुद्दाम कृष्णधवलकडे वळले. हवे ते करण्याइतके स्वातंत्र्य भारतात ज्या थोड्या दिग्दर्शकांना होते त्यांत ते होते, आणि त्या स्वातंत्र्याने ‘दो आँखें’ही दिला आणि ‘सेहरा’ही.

त्यामुळे ‘चित्रपती’ म्हणून त्यांची आरती ओवाळणारे आणि ‘प्रभातनंतर संपले’ म्हणणारे, दोघेही एकाच चुकीच्या जागी बोट ठेवतात. दोघांच्याही हिशेबात सगळे श्रेय आणि सगळा दोष एकाच माणसाच्या अंगी आहे. 1985 चा फाळके पुरस्कार, मरणोत्तर पद्मविभूषण, हे सन्मान रास्तच होते. पण ‘प्रभात’च्या जागेवर आज असलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ‘कुंकू’तल्या घड्याळाची आणि नैसर्गिक आवाजांची चर्चा होत असेल, तर ज्या कादंबरीमुळे त्या घड्याळाची गरज पडली तीही टेबलावर असली पाहिजे. स्वतंत्रपूरची हकिकत ‘दो आँखें’च्या प्रत्येक खेळाआधी सांगितली पाहिजे. आणि नारायण हरी आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’ एखाद्या प्रकाशकाने चित्रपटाच्या पटकथेसह, एकाच पुस्तकात, पुन्हा छापावी. दोन्हींची पाने शेजारी ठेवून वाचली की शांतारामबापूंनी काय घेतले, काय टाकले आणि कुठे त्यांना नमते घ्यावे लागले, हे प्रत्येकाला स्वतःच पाहता येईल.