२६ जूनच्या भाषणात काय सांगाल?

जून उजाडला की व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचे फोन वाजू लागतात. २६ तारखेच्या अमली पदार्थविरोधी दिनी शाळेत, कॉलेजात, एखाद्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये नशाविरोधी भाषण हवं असतं. अलीकडे त्याबरोबर एक जादा मागणीही येते: 'ड्रग्जचा पैसा दहशतवाद्यांना जातो, ते जरा ठासून सांगा.' मागणारे पोलीस निरीक्षक असोत की मुख्याध्यापक, हेतू चांगलाच असतो. विषयही खोटा नाही. पण कार्यक्रम संपला की ते आपापल्या कामाला लागतात आणि व्यसनात अडकलेल्या मुलाला घेऊन आईबाप आपल्या दारात येतात. म्हणून ही गोष्ट कुणाला आणि कशी सांगायची, हे आपणच ठरवायला हवं.

आधी जे पक्कं आहे ते पाहू. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्ब फुटले आणि १९० हून अधिक माणसं मेली. त्यासाठीचं स्फोटक स्पेनमधल्याच अस्तुरियास प्रांतातल्या एका खाणीतून चोरलेलं होतं आणि त्याचा मोबदला मुख्यतः चरसच्या रूपात चुकता झाला होता. कटातला एक प्रमुख माणूस चरसचा धंदाच करत होता. अफगाणिस्तानात तालिबाननं अफूवर शेतकऱ्यांकडून 'उश्र' हा कर वसूल केला. कोलंबियात फार्क या बंडखोर संघटनेनं कोकाच्या व्यवहारावर कर बसवला. यात सगळेच दहशतवादी ड्रग्ज विकत होते असं नाही. बऱ्याच ठिकाणी ते फक्त नाक्यावर बसून वाटा घेत होते. हा फरक आपल्या भाषणांत हमखास पुसला जातो.

आपल्याकडचं उदाहरण तर रायगडच्या किनाऱ्यावरचं आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. ती वाट ड्रग्जची नव्हती, सोन्याचांदीच्या तस्करीची होती. होड्या, उतरवून घेणारे हात, हप्ता घेऊन डोळेझाक करणारे पोलीस आणि कस्टमचे कर्मचारी, सगळं वर्षानुवर्षं बसलेलं होतं. खोक्यात काय आहे हे विचारायची तिथं रीतच नव्हती. खटल्यात दोषी ठरलेल्या १०० जणांमध्ये या खात्यांचीही माणसं होती. पुढे अमेरिकेनं या कटातला फरार मुख्य आरोपी दाऊद इब्राहिमला २००३ मध्ये जागतिक दहशतवादी आणि २००६ मध्ये अमली पदार्थांचा बडा तस्कर म्हणून जाहीर केलं. तस्करी आणि दहशतवाद यांचं नातं समजावायला शेखाडीइतकं चांगलं उदाहरण नाही, आणि ते सांगायला कंदाहारपर्यंत जावं लागत नाही.

आता दुसरी बाजू. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकन सरकारनं सुपर बोलच्या सामन्यादरम्यान जाहिराती दाखवल्या. तुम्ही ड्रग्ज घेता म्हणजे दहशतवाद्याला मदत करता, असा त्यांचा रोख होता. २००४ मध्ये त्याच हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगानं लिहिलं की बिन लादेननं ड्रग्जच्या व्यापारातून पैसा मिळवल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. या जाहिराती ज्या राष्ट्रीय मोहिमेचा भाग होत्या, तिच्यावर १९९८ ते २००४ या काळात जवळपास १ अब्ज डॉलर मंजूर झाले. सरकारनंच करवून घेतलेल्या मूल्यमापनात तिचा मुलांच्या गांजा ओढण्यावर चांगला परिणाम आढळला नाही. उलट, जाहिराती जास्त पाहिलेल्या मुलांना 'बाकीचे सगळे ओढतातच' असं वाटू लागल्याची चिन्हं दिसली. हे मूल्यमापन सबंध मोहिमेचं होतं, एकट्या दहशतवादाच्या जाहिरातींचं नव्हे. तरी एवढा पैसा ओतून जे साधलं नाही, ते आपण माईक हातात घेऊन अर्ध्या तासात साधू, असं कुणी समजू नये.

आपल्या केंद्रांत आज येणारी पोरं बरीचशी एमडीवाली, म्हणजे मेफेड्रोन घेणारी आहेत. तो माल कुठे बनतो? फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यापासून सांगली-दिल्लीपर्यंत छापे घातले, तेव्हा दीड हजार किलोंहून जास्त मेफेड्रोन मिळालं. गर्दचंही तसंच. त्यातली काही सीमेपलीकडून येते, तर काही आपल्याच मंदसौर-प्रतापगड पट्ट्यात, परवान्याच्या शेतातून चोरून वळवलेल्या अफूपासून बनते. एकोणीस वर्षांच्या एमडी मारणाऱ्या मुलाला 'तुझ्या पुडीचा पैसा अतिरेक्यांना जातो' असं सांगितलं, तर तो मनातल्या मनात हसतो. माल कोणत्या गल्लीतून, कुणाकडून येतो हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. एकदा का आपलं एक वाक्य त्याला फेकलेलं वाटलं, की काळजाच्या ठोक्यांबद्दल, झोपेबद्दल, संशयाच्या झटक्यांबद्दल आपण जे खरं सांगतो तेही तो त्याच टोपलीत टाकतो.

मुंद्रा बंदराचं उदाहरणही हल्ली सर्रास दिलं जातं. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथं अफगाणिस्तानातून आलेल्या टाल्कच्या दगडांत जवळपास ३,००० किलो हेरॉइन सापडलं. पैसा लष्कर-ए-तैयबाकडे जाणार होता, असं तपास यंत्रणेचं म्हणणं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका आरोपीला जामीन नाकारला, पण त्याला दहशतवादाच्या पैशाशी जोडणं या टप्प्यावर घाईचं होईल, असंही नमूद केलं. न्यायालय इतकं जपून बोलत असेल, तर व्यासपीठावरून आपण निकाल कशाला द्यावा?

याहून मोठी अडचण घरात उभी राहते. अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४अ व्यसनी माणसाला एक दार उघडं ठेवतं. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या मालाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला आला आणि उपचार पुरे केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पण 'देशद्रोह' हा शब्द एकदा कानावर पडला की आई मुलाला आपल्याकडे आणत नाही, मामाच्या गावाला पाठवते. तिकडे टर्की, म्हणजे माल तुटल्यावरचा त्रास, सुरू झाली की काय होतं, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

मग हा विषय टाकून द्यायचा का? मुळीच नाही, श्रोता बदलायचा. मालवाहतूकदारांची संघटना, बंदरातले क्लिअरिंग एजंट, मच्छीमार सोसायट्या, एमआयडीसीत बंद पडलेली शेड भाड्यानं देणारे मालक, रसायनांचे घाऊक व्यापारी, कमिशनवर बँक खातं वापरू देणारी कॉलेजची मुलं: शेखाडीची गोष्ट यांना सांगा, कारण वाट यांच्या हातातून जाते. भाडं दुप्पट आणि रोख मिळतंय, खोकं उघडू नका म्हणतात, शेडमधून रात्री वास येतो, तेव्हा काय करायचं आणि कुणाला कळवायचं, हे त्यांना सांगणारं आज कुणी नाही. हे काम आपण पोलिसांच्या जोडीनं करू शकतो. शाळेत मात्र पोलिसांना पुढच्या रांगेत बसवा आणि माईक आपल्याकडे ठेवा.

समुपदेशनाच्या खोलीत हा विषय आपण होऊन काढू नका. पेशंटनं विचारलं, 'सर, माझा पैसा खरंच तिकडे जातो का?', तर माहीत असेल तेवढं सांगा, नसेल तर 'तुझ्या मालाचं मला ठाऊक नाही' म्हणा आणि त्याला कालची रात्र कशी गेली ते विचारा. कलम ६४अ ची सोप्या मराठीतली माहिती या अंकाच्या शेवटच्या पानावर दिली आहे. २६ तारखेला तिच्या प्रती काढून पालकांच्या हाती द्या.