ॲपचाही आधी प्लॉट घ्या

नवे वाण बाजारात आले की तुम्ही काय विचारता? प्लॉट कुठे घेतला, शेजारी जुने वाण होते का, एकरी उतारा किती पडला. दुकानदाराने चार भरदार कणसे दाखवली म्हणून जाणता शेतकरी सगळे रान पेरीत नाही. हीच पारख आता मोबाईलबाबत करायला हवी. उदासी, चिंता, झोप न लागणे यांवर धडे देणारी ॲप आणि ऑनलाईन कार्यक्रम निघाले आहेत. घरबसल्या मन सुधारेल, असा त्यांचा दावा आहे.

उदासी येते तशी कधी ओसरतेही. पाऊस पडला, हप्ता भागला की माणूस जरा हलका होतो. तेव्हा 'ॲप वापरले अन् बरे वाटले' एवढ्याने काही सिद्ध होत नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, एकाला कार्यक्रम द्यायचा, दुसऱ्याला नेहमीचे उपचार, आणि काही महिन्यांनी दोघांची तुलना करायची. खरी चाचणी ही.

इंग्लंडमध्ये अशी चाचणी झाली. तिचा निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. उदासीच्या ६९१ रुग्णांपैकी काहींना नेहमीचे डॉक्टरी उपचार, तर बाकीच्यांना त्यांच्या जोडीला दोनपैकी एक संगणकी कार्यक्रम दिला. चार महिन्यांनी पाहिले, तर कार्यक्रमाने म्हणावा असा जादा फायदा झालेला नव्हता. कारणही कळले. बहुतेकांनी एक-दोन धडे केले आणि सोडून दिले. बी चांगले असेलही, पण उगवणच झाली नाही! पुढे त्याच कामातल्या दुसऱ्या चाचणीत कार्यक्रमाबरोबर फोनवर नियमित बोलणारा माणूस दिला, तेव्हा चार महिन्यांनी उदासी अधिक उतरलेली दिसली.

आपल्या शेजारच्या गोव्याचा अनुभव तर फार बोलका आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र उदासीच्या ४९५ जणांवर चाचणी झाली. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. सुटलेली कामे, तुटलेला शेजार थोडाथोडा पुन्हा धरायला ते रुग्णाला मदत करीत. सहा ते आठ भेटी, बस्स. तीन महिन्यांनी त्यांच्याकडील ६४ टक्के रुग्णांची उदासी ओसरली होती. हे समुपदेशन न मिळालेल्यांत ३९ टक्क्यांची.

म्हणून सरपंच आणि अधिकारी मंडळींना आमचे सांगणे आहे. उद्या एखादे ॲप गावात आणायचा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. तुलनेचा गट ठेवून चाचणी झाली का? शेवटच्या धड्यापर्यंत किती जण टिकले? आणि अडलेल्याशी बोलायला माणूस कोण? 'इतक्या लोकांनी ॲप घेतले' हे उत्तर चालवून घेऊ नका. किती पोती बियाणे विकले, यावरून पीक मोजत नाहीत.

आणि शेतकरी बंधूंनो, घरात कोणी गप्प गप्प राहू लागले, जेवण-झोप सुटली, तर चाचण्यांची वाट पाहू नका. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात न्या. 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो भिंतीवर लिहून ठेवा. पण त्याआधी त्या माणसाजवळ जाऊन बसा.