अर्ज देणारे आपण, ठराव करणारे दुसरेच का?



ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा विषय निघाला की आपल्या लोकांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "कुणी बी निवडून येऊ दे, आपलं जाळं आपल्याच खांद्यावर." आणि दुसरं, "आपली घरं ती किती, आपल्याला कोण विचारतंय?" ही दोन्ही वाक्यं आता बंद व्हायला पाहिजेत असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण पंचायतीत कोण बसलंय याचा परिणाम थेट आपल्या जाळ्यावर होतो. संस्थेचं दप्तर सांभाळताना हे आम्हाला दरवर्षी दिसतं.

मोठे तलाव आणि धरणं मत्स्य खात्याकडे असतात. चुळकी नाला किंवा वरच्या मुल्लामारीच्या पाण्याचा निर्णय आपल्या गावात होत नाही. पण गावाशेजारची जी लहान तळी पंचायतीच्या ताब्यात आहेत, त्यांचा मासेमारीचा गुत्ता पंचायतीच्या ठरावाने दिला जातो. तो कुणाला द्यायचा, किती रकमेला आणि किती वर्षांसाठी, हे सदस्यांच्या बैठकीत ठरतं. आणि कधी ठरतं, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या भागात बी सोडायचे दिवस पावसाळ्यातले. तळ्यात पाणी आलं की कटला, रोहू, मिरगल यांची बोटुकली सोडावी लागतात, तेव्हा कुठं उन्हाळ्यापर्यंत मासा वजनाला भरतो. ठराव दिवाळीनंतर झाला तर कागदावर गुत्ता मिळतो, पण ते वर्ष हातचं जातं. गुत्त्याची रक्कम मात्र पूर्ण भरावी लागते.

असं आपल्या भागातल्या एका पंचायतीत झालेलं आहे. नाव घेण्यात अर्थ नाही. संस्थेने अर्ज वेळेत दिला होता, पोच आमच्याकडे आहे. विषय दोन बैठकांत पुढे ढकलला गेला. कुणी मुद्दाम अडवलं असं आम्ही म्हणत नाही. तिथं बसलेल्यांपैकी एकालाही श्रावणात बी नाही सोडलं तर काय होतं हे माहीत नव्हतं, एवढंच. रस्त्याचा विषय होता, नळाचा होता, दिव्यांचा होता. तळ्याचा विषय शेवटी, आणि शेवटी वेळ संपली. आपला एक माणूस आत असता तर त्याने उठून एवढंच सांगितलं असतं, "हे आज झालं पाहिजे, पुढच्या महिन्यात त्याचा उपयोग नाही."

गोष्ट फक्त गुत्त्याची नाही. उन्हाळ्यात मोटारी लावून तळ्याचं पाणी किती उपसायचं, गावाची गटारं तळ्यात सोडायची की नाही, रोजगार हमीच्या कामात तळ्याचा गाळ धरायचा की नाही, आठवडी बाजारात मासळी विकणाऱ्या बायकांना ओटा आणि पाणी मिळणार की उन्हात बसावं लागणार, हे सगळं पंचायतीत येतं. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने संविधानात अकरावी अनुसूची जोडली. पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय त्यात दिले आहेत आणि पाचवा विषय मत्स्यव्यवसाय आहे. शेती, पाणी, जनावरं यांच्याबरोबर मासा संविधानात लिहिलेला आहे. पंचायतीच्या कामकाजात तो दिसत नसेल, तर तिथं तो विषय काढणारं कुणी नाही म्हणून दिसत नाही.

आता "आपली घरं किती" याचा हिशेब करू. कर्नाटकच्या कायद्याप्रमाणे साधारण ४०० लोकसंख्येमागे एक सदस्य असतो. त्यातून लहान मुलं वजा करा, बाहेरगावी गेलेले वजा करा, उमेदवार दोनपेक्षा जास्त असतील तर मतं किती वाटली जातात ते बघा. इथं हजारोंचा खेळ नाही. पाच-दहा मतांनी निकाल फिरतो, आणि मतं समान पडली तर चिठ्ठी टाकून फिरतो. शिवाय आपल्याकडे एका वॉर्डातून दोन, तीन, कधी चार सदस्य निवडायचे असतात आणि मतदाराला तेवढी मतं द्यायचा अधिकार असतो. पंधरा-वीस घरांनी ठरवलं तर एक जागा आपल्याकडे येऊ शकते. निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे कुणाचं तिकीट मागत फिरायचीही गरज नाही. उभं राहायला वय २१ पूर्ण पाहिजे आणि मतदार यादीत नाव पाहिजे. शिक्षणाची अट नाही.

मग अडतं कुठं? अडतं ते भीतीत. "आपण उभं राहिलो आणि पडलो, तर निवडून आलेला आपल्याला तळ्यावर पाय ठेवू देईल काय?" ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. गावात राहायचं म्हणजे सगळ्यांशी जमवून राहावं लागतं. पण आजवर आपण कुणाविरुद्ध उभे राहिलो नाही, तरी तळ्यासाठी दारोदार फिरतोच आहोत. प्रत्येक वेळी कुणाच्या तरी मेहरबानीने गुत्ता घ्यायचा आणि पाच वर्षांनी ती मेहरबानी मतांनी फेडायची, यात आपली सुटका नाही. पडलेल्या उमेदवारालाही मतं किती पडली हे गावाला कळतं. पुढच्या वेळी त्या मतांची गरज सगळ्यांनाच असते.

दुसरी अडचण पैशाची. निवडणुकीच्या आदल्या रात्री काय वाटलं जातं हे आम्ही सांगायची गरज नाही. कुठं जेवण, कुठं जाळ्यासाठी मदत, कुठं देवळाला वर्गणी. सगळ्यात वाईट म्हणजे जागाच विकणं. आपले सोयरे महाराष्ट्रात आहेत, त्यांना हे आठवत असेल. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, या दोन गावांत देवळाच्या कामाच्या नावाखाली पदांची बोली लागली. एका ठिकाणी ती दोन कोटींच्या वर गेली, दुसऱ्या ठिकाणी ४२ लाखांवर. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने या दोन्ही गावांची निवडणूकच रद्द केली. आपल्याकडेही डिसेंबर २०२० च्या निवडणुकीत कलबुर्गी आणि बळ्ळारी जिल्ह्यांतून जागांच्या लिलावाच्या बातम्या आल्या होत्या. गावाने बसून, बोलून, पैसा न घेता एखादी जागा बिनविरोध केली तर आमची हरकत नाही. पण जिथं बोली लागते तिथं आपल्यासारख्याचं नाव निघणारच नाही. आणि ज्याने लाखो रुपये मोजले तो ते कुठून काढणार? रस्त्यातून, नळातून आणि आपल्या तळ्याच्या गुत्त्यातून.

बहिणींसाठी दोन शब्द. कर्नाटकात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. आपल्या धंद्यात मासा पकडतो पुरुष, पण बाजारात उभी राहते ती बाई. भाव तिला कळतो, उधारी तिच्या ध्यानात असते, बेपाऱ्याशी हुज्जत तीच घालते. जिला हे जमतं तिला पंचायतीची बैठक जमणार नाही असं कसं म्हणायचं? मात्र अर्जावर नाव तिचं आणि खुर्चीत नवरा, हा प्रकार आपल्या घरातून तरी होऊ नये. निवडून आली तर बैठकीला तीच जाईल, बोलेल तीच आणि सही वाचून करेल तीच.

सीमेवर राहिल्यामुळे आपल्या लोकांत थोडा गोंधळ होतो, तोही मिटवू. उमरग्याचा नाहीतर निलंग्याचा पाहुणा सांगतो ते नियम तिकडचे असतात. महाराष्ट्रात सरपंच थेट जनतेतून निवडला जातो आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर उमेदवारी बाद होते. आपल्याकडे अध्यक्ष सदस्यांतून निवडला जातो. म्हणून एक सदस्य असला तरी अध्यक्ष कोण होणार यात त्याचं मत मोजलं जातं. एका मतावर अध्यक्षपद अडलं, तर तळ्याचा विषय कधी घ्यायचा हे विचारायची ताकद त्या एका मताला येते.

तयारी आत्तापासून करायची. पहिलं काम मतदार यादी. आपली बरीच पोरं पुण्या-मुंबईला, हैदराबादला कामाला आहेत. काही कुटुंबं महिनोन्‌महिने धरणावर झोपडी टाकून असतात. अशांची नावं यादीतून गळतात आणि मतदानाच्या दिवशी कळतं. नाव नसेल तर सहा नंबरचा फॉर्म भरा, चूक असेल तर आठ नंबरचा. दुसरं काम दाखला. राखीव जागेवर उभं राहायचं असेल तर जातीचा दाखला नाडकचेरीतून आधीच काढून ठेवा, शेवटच्या दिवशी धावपळ नको. तिसरं, पंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी भरून पावती जपून ठेवा. ज्याच्या स्वतःच्या नावावर पंचायतीचा गुत्ता आहे, त्याने अर्ज भरण्याआधी निवडणूक अधिकाऱ्याकडे आपली पात्रता विचारून घ्यावी.

आता संस्थेची भूमिका. संस्था कुणा एका उमेदवाराचा प्रचार करणार नाही. संस्थेचा एक रुपया, एक खुर्ची किंवा हे पान कुणासाठी वापरलं जाणार नाही. सभासद सगळ्या गटांत आहेत आणि संस्था सगळ्यांची आहे. पण सभासद म्हणून कुणी उभं राहत असेल तर त्याला मागे ओढू नका एवढं आम्ही नक्की म्हणणार. आपलाच माणूस उभा राहिला म्हणून डोळे झाकून मत द्या असंही नाही. तळ्याचा ठराव पावसाळ्याआधी करणार का, गटाराचं पाणी कुठं सोडणार, बाजारात ओटा कधी बांधणार, हे तीन प्रश्न प्रत्येक उमेदवाराला विचारा. त्यालाही विचारा. आणि निवडून आल्यावर वॉर्डसभेत, ग्रामसभेत जाऊन पुन्हा विचारा.

आपला तालुका बसवकल्याणचा. बाराव्या शतकात इथं शरणांच्या सभेत नाव चालवणारा अंबिगर चौडय्या बसला, बोलला आणि त्याचं बोलणं लोकांनी वचन म्हणून जपलं. दर २१ जानेवारीला आपण त्यांची जयंती करतो, फोटोला हार घालतो. सभेत बसून बोलायचं त्यांचं काम मात्र आपण दुसऱ्यांवर सोडून दिलं आहे.

या पंधरवड्यात प्रत्येकाने घरातल्या १८ वर्षांवरच्या सगळ्यांची नावं यादीत तपासावीत. ज्यांना यादी बघता येत नाही त्यांनी ओळखपत्र घेऊन संस्थेच्या कार्यालयात यावं, आम्ही बघून देऊ. कोण कुणाला मत देणार हे आम्ही विचारणार नाही. बाहेरगावी असलेल्या पोरांना हे वाचायला पाठवा आणि मतदानाच्या दिवशी गावी यायला आत्ताच सांगून ठेवा.

आपला,
सचिव